दया आणि देणे

सुरतेत कतारगाम दरवाज्याच्या बाजूला इंग्रजांची जुनी दफनभूमी आहे. ख्रिस्तोफर आणि जॉर्ज ऑक्झेंडन या दोघा भावांची घुमटाची, खांबांची दुमजली कबर तिथे उभी आहे. १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराज सुरतेवर चालून आले, तेव्हा इंग्रजांच्या वखारीचा प्रमुख होता तोच हा जॉर्ज ऑक्झेंडन. पुढे १६६९ मध्ये तो सुरतेतच वारला. थोड्या अंतरावर डचांची दफनभूमी आहे आणि तिथे १६९१ मध्ये वारलेल्या व्हान रीड या डच अधिकाऱ्याची कबर आहे. इंग्रजांच्या कबरीपेक्षा आपली कबर थाटाने वरचढ दिसावी म्हणून डचांनी ती तशी बांधली, असे सांगतात. दोन्ही वास्तू आज पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. परदेशातून व्यापाराला आलेल्या माणसांनी मेल्यानंतरही एकमेकांशी चालवलेली ही चढाओढ सुरतेने साडेतीनशे वर्षे जपून ठेवली आहे.

याच काळात, १६८९ मध्ये, ओव्हिंगटन नावाचा एक इंग्रज पाद्री सुरतेत आला. त्याच्या प्रवासवर्णनात सुरतेजवळच्या एका इस्पितळाची हकीकत आहे. थकलेली गुरे, म्हातारे घोडे, आजारी बकऱ्या आणि कुत्री यांना तिथे मरेपर्यंत चारापाणी मिळे. ढेकूण-पिसवांनाही रक्त मिळावे म्हणून एखाद्या गरीब माणसाला पैसे देऊन रात्रभर तिथे निजवत, अशीही नोंद तो करतो. सुरतेच्या वाण्यांनी चालवलेली ही संस्था म्हणजे पांजरपोळ. परदेशी माणसाला तिचा अचंबा वाटला, कारण त्याच्या देशात तेव्हा असे काही नव्हते.

म्हणजे एकाच शहरात, एकाच काळात, माणसांसाठी दगडाचे घुमट चढत होते आणि जनावरांसाठी दया वाहत होती. या दोन्ही गोष्टी एकमेकींना कधी भेटल्या नाहीत. जनावराला दया मिळाली, पण त्याचे आपण काही देणे लागतो असे कोणी मानले नाही. मला या लेखात एवढीच गोष्ट मांडायची आहे: लष्करात आणि पोलिसांत काम करून मेलेल्या कुत्र्याला दया देऊन भागत नाही, त्याचे आपल्याकडे देणे आहे. आणि त्या देण्याची नोंद करणारा दगड छावणीच्या कुंपणाआड असून चालणार नाही. ज्यांचा जीव आणि ज्यांचा धंदा त्या कुत्र्यांमुळे वाचला, त्यांच्या बाजारात तो असायला हवा. सुरतेसारख्या बाजारात.

सुरतच का, असे कोणी विचारील. सुरत हे आज लष्करी छावणीचे शहर नाही. इथे कापड विणले जाते, हिऱ्यांना पैलू पाडले जातात, आणि खानदेशातून आलेली हजारो मराठी घरे उधना-लिंबायतच्या बाजूला यंत्रमागांवर आणि कारखान्यांत राबतात. सीमेवरचा गोळीबार इथे फक्त टीव्हीवर ऐकू येतो. पण २००८ चा जुलै ज्यांनी इथे काढला त्यांना विचारा. २६ जुलैला अहमदाबादेत स्फोटांची मालिका झाली आणि पन्नासाहून अधिक माणसे गेली. पुढच्या काही दिवसांत सुरतेत एकामागून एक जिवंत बॉम्ब सापडत गेले. कुठे झाडाला टांगलेले, कुठे जाहिरातीच्या फलकामागे, वराछासारख्या हिऱ्यांच्या भरगच्च वस्तीत. एकूण २९. एकही फुटला नाही, कारण जोडणीतच दोष राहिला होता. स्वतःच्या सावधपणामुळे सुरत वाचली नाही, मारेकऱ्यांच्या चुकीमुळे वाचली. अशा शहराने सावधपणा म्हणजे काय असतो आणि तो कोण करतो, याचा विचार इतरांपेक्षा जास्त करायला हवा.

आणि त्याआधी पंधरा वर्षे, मुंबईत, तो सावधपणा एका कुत्र्याने केला होता. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत बारा स्फोट झाले, २५७ माणसे मेली. त्या दिवशी जे फुटले त्यापेक्षा कितीतरी जास्त अजून शहरात दडलेले होते. मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकात तेव्हा झंजीर नावाचा एक लॅब्रेडोर नुकताच दाखल झाला होता. पुण्याच्या गुन्हे अन्वेषण विभागाच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात तो शिकला होता. नाव अमिताभच्या चित्रपटावरून पडलेले. स्फोटांनंतर दोन-तीन दिवसांतच धनजी स्ट्रीटवर बेवारस उभ्या असलेल्या एका स्कूटरमधले आरडीएक्स त्याने हुंगून काढले. त्यानंतरच्या काळात त्याच्या नावावर ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर, २४९ हातबॉम्ब आणि ६,४०६ जिवंत काडतुसे यांची नोंद झाली.

धनजी स्ट्रीट कुठे आहे? झवेरी बाजाराच्या पोटात. मुंबईचा हिऱ्याचा बाजार ऑपेरा हाउसला जाण्याआधी त्याच गल्ल्यांत भरायचा. सुरतेत पैलू पडलेला हिरा तिथे विकला जायचा. सुरतेचे कारखानदार, दलाल, त्यांची मुले, भाचे त्याच गल्लीत कागदाच्या पुड्या उघडून बसायचे. ती स्कूटर फुटली असती तर सुरतेतल्या किती घरांत सुतक आले असते, याचा हिशेब कोणी केलेला नाही. न घडलेल्या गोष्टीचा हिशेब कोणी करतच नाही. इथेच या कुत्र्यांवर अन्याय होतो. सैनिकाने जिंकलेली चौकी नकाशावर दाखवता येते. कुत्र्याने वाचवलेली गल्ली दुसऱ्या दिवशीही तशीच गजबजलेली असते. दाखवायला काही उरत नाही. म्हणून दगड हवा. घडले ते लोक लक्षात ठेवतात, घडू दिले नाही ते लिहूनच ठेवावे लागते.

झंजीर १६ नोव्हेंबर २००० रोजी हाडांच्या कर्करोगाने गेला. वय फक्त आठ. परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयात त्याच्यावर उपचार झाले होते. पोलिसांनी त्याला मानवंदना देऊन पुरले. त्याच्या फुलांनी झाकलेल्या देहापुढे वाकलेल्या पोलिस अधिकाऱ्याचे छायाचित्र आजही दरवर्षी कोणीतरी कोणाला तरी पाठवत असते. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यात काम केलेले मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर निवृत्तीनंतर विरारच्या एका शेतघरात राहिले आणि २०१६ या एकाच वर्षात चौघेही गेले. शेवटी गेलेल्या सीझरचा देह तिरंग्यात गुंडाळला होता. बीडमध्ये २०२० च्या ऑगस्टमध्ये रॉकी हा पोलिस कुत्रा गेला. तीनशेहून अधिक गुन्ह्यांच्या तपासात त्याचे काम होते आणि पंतप्रधानांनी त्याच महिन्यात आकाशवाणीवरून त्याचे नाव घेतले.

ही पोलिसांची कुत्री. लष्कराची वेगळी, पण काम एकाच जातीचे. मेरठला रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअरचे केंद्र आहे. सैन्याची कुत्री तिथे तयार होतात. कोणी माग काढणारा, कोणी सुरुंग शोधणारा, कोणी बर्फाखाली दबलेल्या माणसाला हुडकणारा, कोणी दहशतवादी दडलेल्या घरात सर्वांच्या आधी शिरणारा. २०१५ मध्ये तंगधारला मानसी ही लॅब्रेडोर आणि तिचा हॅण्डलर बशीर अहमद वार एकाच चकमकीत मारले गेले. ३० जुलै २०२२ रोजी बारामुल्ला जिल्ह्यात ॲक्सेल एका घराच्या खोल्या तपासताना गोळ्या लागून मेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अनंतनागला झूमला दोन गोळ्या लागल्या आणि १३ तारखेला श्रीनगरच्या लष्करी पशुरुग्णालयात तो गेला. सप्टेंबर २०२३ मध्ये राजौरीतल्या नार्ला गावात केंट ही सहा वर्षांची लॅब्रेडोर पळणाऱ्या अतिरेक्यांचा माग काढत तुकडीच्या पुढे धावत होती. गोळीबार झाला आणि ती तिथेच पडली, तिच्या मागचा हॅण्डलर वाचला. ऑक्टोबर २०२४ मध्ये अखनूरला फँटम.

ही नावे वाचताना छाती भरून येते, आणि नेमक्या त्याच वेळी आपण एक चूक करून बसतो. आपण कुत्र्याच्या तोंडी आपले शब्द घालतो. देशासाठी बलिदान दिले, मातृभूमीसाठी प्राण वेचले. झूमला अनंतनाग आणि अंबरनाथ यांतला फरक माहीत नव्हता. सीमा, धर्म, राष्ट्र यांतले काहीही त्याच्या जगात नव्हते. त्याच्या जगात होता त्याचा हॅण्डलर, त्याची हाक आणि काम झाल्यावर मिळणारा चेंडू.

हे प्रशिक्षण कसे चालते ते समजून घेतले पाहिजे, कारण सगळा नैतिक प्रश्न तिथे आहे. पिल्लाला आधी खेळण्याचे वेड लावतात. चेंडू किंवा गुंडाळलेला टॉवेल हे त्याचे सर्वस्व होते. मग त्या खेळण्याशी एक वास जोडतात: आरडीएक्सचा, टीएनटीचा, दारूगोळ्याचा. वास सापडला की चेंडू मिळतो. भुंकायचे नाही, ओरबाडायचे नाही, सापडले की नुसते बसायचे. कारण पंजा लागला तर स्फोट होईल. वर्षभर, महिनोन्महिने, रोज सकाळी हेच. शेवटी बॉम्बचा वास म्हणजे त्याच्यासाठी चेंडूचा वास होतो. धनजी स्ट्रीटवरच्या स्कूटरपाशी झंजीर जेव्हा बसला, तेव्हा तो खेळ जिंकला होता. आजूबाजूची माणसे मृत्यूच्या भीतीने गारठलेली होती आणि तो शेपूट हलवत बक्षिसाची वाट पाहत होता.

यावर कोणी म्हणेल, मग त्यात शौर्य कुठले? त्याला धोका कळतच नव्हता. बरोबर आहे, निवडीतून येणारे शौर्य इथे नाही. पण त्याने देणे कमी होत नाही, उलट वाढते. सैनिक भरतीच्या रांगेत उभा राहतो तेव्हा त्याला काय पत्करले आहे ते ठाऊक असते. त्याच्यापुढे पोटाचा प्रश्न असेल, गावात दुसरे काम नसेल, तरीही तो माणूस आहे आणि सही त्याची आहे. कुत्र्याची सही कुठेच नाही. त्याचा विश्वास आपण घेतला, तो आपल्या कामाला जुंपला आणि त्याच्या नकळत त्याला अशा जागी पाठवले जिथे आपला माणूस पाठवायची आपली हिंमत नव्हती. ज्याने जाणून दिले त्याचा आपण गौरव करतो. ज्याच्याकडून न विचारता घेतले त्याला काय द्यायचे, याचे उत्तर गौरवात नाही.

दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत सैन्याने कुत्र्यांच्या अंगावर स्फोटके बांधून त्यांना जर्मन रणगाड्यांखाली धावायला शिकवले होते. उपाशी ठेवून, रणगाड्याखाली अन्न ठेवून. तिथेही कुत्रा खाण्याच्या आशेनेच धावला. आरडीएक्स हुंगणारा झंजीर आणि रणगाड्याखाली शिरणारे ते कुत्रे यांच्या डोक्यात फारसा फरक नसेल. फरक माणसांत होता. एका माणसाने कुत्र्याला परत आणण्यासाठी पाठवले, दुसऱ्याने परत न येण्यासाठी. म्हणून अशा स्मारकात कुत्र्याच्या मोठेपणाइतकेच पाठवणाऱ्याच्या वागण्याचे मोजमाप असले पाहिजे.

हे आपल्याकडे कोणाला सुचलेच नव्हते असे नाही. साताऱ्याजवळ कृष्णा आणि वेण्णा जिथे मिळतात त्या संगम माहुलीला छत्रपती शाहू महाराजांची समाधी आहे, आणि त्याच परिसरात त्यांच्या खंड्या या कुत्र्याचेही स्मारक आहे. शिकारीत वाघ अंगावर आला असता या कुत्र्याने महाराजांचा जीव वाचवला. महाराजांनी त्याला जहागीर दिली, पालखीचा मान दिला आणि तशा सनदा काढल्या. ग्रँट डफने मराठ्यांच्या इतिहासात ही हकीकत नोंदवली आहे. भपक्याने भेटीला येणाऱ्या सरदारापुढे महाराज साध्या वेशात बसले आणि भरजरी वस्त्रे, दागिने त्यांनी कुत्र्याच्या अंगावर घातले, तीही गोष्ट सांगितली जाते.

डफसारख्या ब्रिटिश अधिकाऱ्याला हा लहरीपणा वाटला. मला तसे वाटत नाही. जहागीर म्हणजे उत्पन्न. कुत्र्याला पालखी कळत नसेल, पण त्याच्या नावाने लावून दिलेल्या उत्पन्नातून त्याचे खाणे, त्याची राखण, त्याला सांभाळणारी माणसे यांची सोय होते. शाहू महाराजांनी देणे आधी जिवंतपणी फेडले, दगड नंतर आला. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. सातारच्या दरबाराला अठराव्या शतकात जे कळले ते आपल्याला अजून नीट कळलेले नाही.

पण महाराष्ट्रात कुत्र्याची समाधी म्हटले की कोणाला खंड्या आठवत नाही, वाघ्या आठवतो. रायगडावर शिवछत्रपतींच्या समाधीशेजारी वाघ्याचा चौथरा १९३६ मध्ये उभा राहिला. त्यामागे इंदूरच्या तुकोजीराव होळकरांची देणगी होती. राम गणेश गडकऱ्यांच्या ‘राजसंन्यास’ नाटकाने वाघ्याला मराठी मनात घर करून दिले होते. समकालीन कागदांत त्याचा उल्लेख सापडत नाही, असे इतिहासाचे अभ्यासक सांगत आले. ऑगस्ट २०१२ मध्ये संभाजी ब्रिगेडच्या कार्यकर्त्यांनी तो पुतळा उखडला, काही दिवसांत तो परत बसवला गेला. मार्च २०२५ मध्ये संभाजीराजे छत्रपतींनी तो हटवण्याची मागणी सरकारकडे केली, धनगर समाजाच्या नेत्यांनी विरोध केला, आणि कित्येक दिवस वर्तमानपत्रे त्याने भरून गेली.

त्या वादात कोण बरोबर हे ठरवण्याची ही जागा नाही. मला बोचते ते दुसरेच. त्या साऱ्या बोलण्यात कुत्रा कुठेच नव्हता. जात होती, घराण्याचा मान होता, इतिहासाचा पुरावा होता, देणगीची पावती होती. कागदात न सापडणाऱ्या एका कुत्र्यासाठी महाराष्ट्र इतका तापला आणि ज्याच्या प्रत्येक किलोची नोंद पोलिसांच्या दफ्तरात आहे त्या झंजीरसाठी कोणी एका शब्दाने भांडले नाही. कारण झंजीर कोणाच्या जातीचा नव्हता. त्याने वाचवलेल्या गल्लीत सगळेच राहत होते, म्हणून तो कोणा एकाचा झाला नाही. सार्वजनिक स्मारक या गोष्टीची खरी परीक्षा इथे होते. जे सगळ्यांचे आहे त्यासाठी आपल्याकडे कोणी वर्गणी काढतो का?

परदेशात काय झाले तेही पाहू. पॅसिफिकमधल्या ग्वाम बेटावर १९४४ मध्ये अमेरिकन मरीन्सबरोबर डोबरमन कुत्री उतरली होती. त्यांतली २५ मेली आणि तिथेच पुरली गेली. युद्धानंतर ती जागा झाडझुडपांत हरवली. ती पुन्हा शोधून स्मारक व्हावे म्हणून वर्षानुवर्षे ज्याने पाठपुरावा केला तो विल्यम पटनी हा त्याच कुत्र्यांच्या तुकडीचा पशुवैद्य आणि अधिकारी होता. १९९४ मध्ये, पन्नास वर्षांनी, ग्वामला डोबरमनचा पुतळा बसला आणि चौथऱ्यावर पंचवीस नावे कोरली गेली. युद्ध संपल्यावर जिवंत कुत्र्यांना पुन्हा माणसाळवून घरोघरी पाठवण्यासाठीही हाच माणूस झगडला होता. खंड्याचा क्रम त्यानेही पाळला: आधी जिवंतांची सोय, मग मेलेल्यांची नावे.

व्हिएतनाममध्ये नेमके उलटे घडले. सुमारे चार हजार कुत्री अमेरिकेने तिथे वापरली आणि परत जाताना त्यांना जादा झालेले सामान ठरवले. फार थोडी घरी पोहोचली. बाकीची मारली गेली किंवा तिथेच सोडली गेली. ज्यांचे प्राण त्या कुत्र्यांनी वाचवले होते ते हॅण्डलर ही सल घेऊन म्हातारे झाले. मग सन २००० मध्ये निवृत्त लष्करी कुत्र्यांना घर देण्याचा कायदा अमेरिकेत झाला आणि जागोजागी स्मारके उभी राहिली. लंडनला हाइड पार्कच्या कडेला २००४ मध्ये युद्धात मेलेल्या सर्व प्राण्यांचे मोठे स्मारक झाले. या प्राण्यांना निवड नव्हती, हे तिथे दगडात स्पष्ट लिहिले आहे. मला त्या स्मारकातली ही एकच ओळ मोलाची वाटते. बाकी शिल्प देखणे आहे, पण ती ओळ नसती तर ते बागेची शोभा वाढवण्यापलीकडे गेले नसते.

आपल्याकडे २०१५ मध्ये माहिती अधिकाराच्या उत्तरातून उघड झाले की सेवेला निकामी ठरलेल्या लष्करी कुत्र्यांना दयामरण दिले जात होते. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि ही प्रथा थांबवणार असल्याचे सरकारने सांगितले. त्यानंतर निवृत्त कुत्र्यांना मेरठला सांभाळणे आणि लोकांना दत्तक देणे सुरू झाले. हे चांगलेच झाले, आणि ते न्यायालयाचे दार वाजल्यावर झाले. आठ-नऊ वर्षे ज्याच्या नाकावर तुकडी चालली, त्याला सांधे धरले म्हणून सुई टोचायची, आणि तेही दया या नावाने. सुरतेची पांजरपोळ लंगड्या बैलाला मरेपर्यंत पोसत होती आणि देशाची फौज आपल्या लंगड्या सहकाऱ्याला पोसू शकत नव्हती, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

आता दोन आक्षेप. दोन्ही खरे आहेत, म्हणून टाळणार नाही.

पहिला रस्त्यावरचा. सुरतेत मजुरांच्या लहान मुलांवर मोकाट कुत्र्यांनी हल्ले केल्याच्या, त्यांत मुले दगावल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. ज्या बाईचे मूल असे गेले तिच्या वस्तीपासून दोन किलोमीटरवर कुत्र्याचे स्मारक करा असे सांगायला जीभ रेटत नाही. पण हे स्मारक कुत्रा या जातीचा जयजयकार नाही. भटक्या कुत्र्यांची नसबंदी, लसीकरण, कचऱ्याची विल्हेवाट ही पालिकेची रोजची कामे आहेत. ती झाली नाहीत म्हणून ती मुले गेली. झंजीर किंवा केंट यांच्यावर त्याचा राग काढणे जसे चूक, तसे त्यांची नावे घेऊन रस्त्यावरच्या प्रश्नावर भावनेचा पडदा ओढणेही चूक. आणि हे बोलताना मी कुत्री पाळणाऱ्या सुखवस्तू लोकांना जास्त सांगतो आहे. स्मारकाच्या उद्घाटनाला तेच पुढे येतील आणि खाजोद-पांडेसऱ्याच्या झोपड्यांतली माणसे येणार नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. सातारा-कोल्हापुरात, खानदेशात अशी किती घरे आहेत जिथे मुलगा सीमेवर गेला आणि घरच्यांना कागदासाठी खेटे घालावे लागले. त्यांच्यासमोर कुत्र्याचा दगड? याला माझे उत्तर एवढेच की मानसी आणि बशीर अहमद वार यांना वेगळे करता येत नाही. कुत्र्याचे कामच मुळी दोघांचे आहे. हॅण्डलरच्या हातातली दोरी थरथरली तरी कुत्र्याला कळते. कुत्र्याचा श्वास बदलला की हॅण्डलर पाऊल थांबवतो. एकट्या कुत्र्याचे स्मारक करणे हे दोघांवरही अन्यायाचे होईल. दगडावर नाव कोरायचे तर हॅण्डलरच्या कुटुंबाला विचारून दोघांचे कोरावे. जो हॅण्डलर वाचला आणि निवृत्त होऊन गावी शेती करतो, त्याचेही, त्याची हरकत नसेल तर. त्याच्या घरचे प्रश्न सुटलेत का, हे विचारायला त्यामुळे एक निमित्त मिळेल.

जागेबद्दल माझा आग्रह आहे. मेरठला युद्धात कामी आलेल्या प्राण्यांच्या स्मारकाची योजना २०२० मध्ये जाहीर झाली होती. ते योग्यच आहे, सैन्याने आपल्यांची आठवण आपल्या आवारात ठेवावी. पण तिथे सैनिकच जाणार, आणि सैनिकाला हे सांगावे लागत नाही. सांगावे लागते ते वराछाच्या मिनी बाजारातल्या दलालाला, रिंग रोडच्या कापड बाजारातल्या गुमास्त्याला, आणि खाजोदला डिसेंबर २०२३ मध्ये उघडलेल्या त्या अवाढव्य डायमंड बोर्सच्या नऊ मनोऱ्यांत जाणाऱ्या-येणाऱ्याला. त्या बोर्सच्या दारात पिशव्या तपासल्या जातात, यंत्रे लागली आहेत, धोक्याची बातमी आली की तिथेही कुत्रा आणावा लागेल. यंत्राला वास येतो तेवढा नमुना समोर धरल्यावर. वाऱ्यावर वास पकडून उगमापर्यंत चालत जाणारे नाक अजून कोणी बनवलेले नाही. ज्या बाजाराची सुरक्षितता या नाकावर टेकली आहे त्याने आपल्या दारात दगड बसवावा.

पुतळा करू नये, असे मला वाटते. पुतळा झाला की हार येतो, हारामागून पुढारी, आणि त्याच्यामागून मालकीचे भांडण. वाघ्याने आपल्याला तेवढे शिकवले आहे. साधा काळा दगड पुरे. त्यावर कुत्र्याचे नाव, हॅण्डलरचे नाव, तुकडी, जागा, तारीख आणि काय सापडले ते आकड्यांत. धनजी स्ट्रीट, मार्च १९९३. नार्ला, सप्टेंबर २०२३. विशेषण एकही नको. आणि एक ओळ अशी की यांना विचारले नव्हते, पाठवले होते आपण.

खर्चाचा प्रश्न सुरतेत यायचे कारण नाही. इथल्या महाजनांनी पिढ्यान्‌पिढ्या प्रत्येक व्यवहारामागे ठरावीक रक्कम बाजूला काढून पांजरपोळी चालवल्या. ही सवय शहराच्या रक्तात आहे. तीच पद्धत हिऱ्याच्या आणि कापडाच्या संघटनांनी इथे लावावी. पण त्या पैशातून पहिले काम दगडाचे होऊ नये. निवृत्त लष्करी आणि पोलिस कुत्र्यांना सांभाळणाऱ्या घरांना औषधपाण्याचा खर्च मिळावा, त्यांची सांधेदुखी, त्यांचा कर्करोग, त्यांच्या शेवटच्या दोन-तीन वर्षांचा पशुवैद्य. झंजीर आठव्या वर्षी गेला हे विसरू नये. या कुत्र्यांचे म्हातारपण लहान असते आणि त्यात दुखणी फार असतात. डुमसच्या बाजूला इतकी शेतघरे आहेत की त्यांतल्या काहींनी जरी विरारसारखे दार उघडले तरी दहा-बारा कुत्र्यांची सोय सहज होईल. व्यापारी मंडळाच्या पुढच्या बैठकीत स्मारकाच्या जागेचा ठराव येण्याआधी मेरठला पत्र जावे: किती कुत्री देता, आणि कोणाची तब्येत सर्वांत वाईट आहे.